पक्कं घर आणि आतली हवा

(वर्धा इथं युवकांच्या एका मेळाव्यात एका बांधकाम व्यावसायिकानं केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून शब्दांकन केलं आहे.)



मी भाषण करणारा माणूस नाही. मी घरं बांधतो. तंत्रनिकेतनातून स्थापत्यचा डिप्लोमा केला आणि अब्बांच्या मागं कामावर जायला लागलो. अब्बा गवंडी होते. हिंगणघाट, समुद्रपूर, वर्धा या पट्ट्यात आता माझ्या हातची शंभरेक घरं उभी असतील. आयोजकांनी सांगितलं, तुमच्या कामाबद्दल बोला, मुलांना धंद्याची माहिती होईल. धंद्याबद्दल बोलतोच, पण आधी माझ्या एका चुकीबद्दल बोलतो. कारण या सभागृहात कुणी स्लायडिंग खिडक्या बसवतो, कुणी पीओपी करतो, कुणी पेंटर आहे, कुणी कूलर-एसी दुरुस्त करतो. ही चूक आपण सगळे मिळून करतो.

हे छोटं यंत्र मी टेबलावर ठेवतो आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड किती आहे ते हे दाखवतं. आत्ता त्यावर सहाशेच्या आसपास आकडा आहे. बाहेर मोकळ्यावर साधारण चारशेवीस असतो. म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत चारशेवीस भाग. शेवटी परत बघू.

चार वर्षांपूर्वीचा डिसेंबर. माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, बाळंतपणाला माहेरी आली होती. घर नवं, मीच बांधलेलं. जुनं कवेलूचं घर पाडून त्याच जागी स्लॅबचं. आपाला मधली खोली दिली. मधली खोली सगळ्यात उबदार. बाहेरचा वारा नाही, गल्लीचा आवाज नाही. आमच्या फूफीनं रीतीप्रमाणं सगळं केलं. बाजेखाली शेगडी, कोळसे फुललेले, त्यावर ओवा आणि लोबान. चाळीस दिवसांची बाळंतीण आणि तिचं बाळ, त्यांना थंडी लागू द्यायची नाही. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं. माझाही जन्म तसाच, अब्बांचाही तसाच.

त्या रात्री थंडी जास्त होती. फूफीनं दार लावून घेतलं, दाराखालच्या फटीत चादर गुंडाळून ठेवली. पहाटे अब्बा नमाजसाठी उठले. त्यांना बाळाचं रडणं ऐकू आलं नाही. रोज त्याच वेळी रडायचं. त्यांनी दार वाजवलं. उत्तर नाही. दार ढकललं तर फूफी भिंतीला टेकून बसलेली, डोकं धरून, ओकारी आलेली. आपाला उठवलं तर ती नीट बोलेना. बाळ मऊ पडलेलं, लुळं.

आम्ही गाडी काढली. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो ताप किती, दूध पितं का, असा नव्हता. त्यांनी विचारलं, "खोलीत काय जळत होतं?" मग तिघांनाही ऑक्सिजन लावला. अल्लाहची मेहेरबानी, तिघेही वाचले. तो मुलगा आता चार वर्षांचा आहे आणि माझ्या मीटर-टेपशी खेळतो.

घरी आल्यावर अब्बा त्या खोलीत गेले. वर बघितलं आणि मला फक्त एवढंच म्हणाले, "झरोका कायले बुजवला रे?"

आता हे समजून घ्या, कारण इथंच सगळं आहे. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत झोंबत नाही. लोबानचा वास येत राहतो आणि माणसाला वाटतं की हवा छान आहे. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणजे रक्त वाहतं आहे, श्वास चालू आहे, पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, मग गुंगी. आणि गुंगी आली की माणूस दार उघडायला उठत नाही. हिवाळ्यात वर्तमानपत्रात बातम्या येतात, शेगडी पेटवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही. न्हाणीघरात गॅस गीझर लावून आंघोळ करताना कुणी पडलं. बातमीत लिहितात 'गुदमरून'. खरं तर गुदमरल्यासारखं वाटलंच नसतं, वाटलं असतं तर माणूस बाहेर आला असता.

पण मग माझ्या जन्माच्या वेळी काय झालं होतं? शेगडी तीच, कोळसा तोच, फूफीही तीच. फरक घराचा. जुन्या घराला वर कवेलू होते. दोन कवेलूंच्या मध्ये फट, आढ्याखाली फट, भिंत आणि छपराच्या मध्ये वीतभर मोकळी जागा. धूर वर जायचा आणि निघून जायचा. पावसाळ्यात गळायचं, उंदीर यायचे, दर वर्षी कवेलू फेरायला माणूस लावावा लागायचा. त्या घराचे लाड मी करणार नाही. अम्मीचं आयुष्य ते सारवण्यात गेलं. पण ते घर श्वास घ्यायचं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, बांधकामच तसं सैल होतं.

आता आम्ही काय करतो ते बघा. वर स्लॅब. त्याखाली पीओपीचं छत. भिंतीला पुट्टी, त्यावर प्लास्टिक पेंट. खिडकी ॲल्युमिनियमची, रबरी पट्टीसकट. दार फ्लश डोअर, खाली ग्रॅनाइटचा उंबरा. पूर्वी गवंडी प्रत्येक खोलीत छताखाली एक झरोका ठेवायचा, दीड बाय एक फुटाचा. सिमेंटची जाळी बसवायची आणि विसरून जायचं. आता घरमालक म्हणतो, ते जुनाट दिसतं, धूळ येते, चिमण्या घरटं करतात, पीओपीच्या रेषेत मध्येच येतं. आम्ही बुजवतो. अब्बांनी माझ्या घराच्या बांधकामात तो झरोका स्वतः ठेवायला लावला होता. पीओपीवाला म्हणाला, डिझाइन बिघडते. मी विटा लावून बंद केला. अब्बा त्या दिवशी बाहेरगावी होते.

आता खिडकीचा हिशेब. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की कोरड्या उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश इतकं खिडक्यांचं क्षेत्र असावं, दारं सोडून. दमट उष्ण भागात एक षष्ठांश. दहा बाय दहाची खोली म्हणजे शंभर चौरस फूट. तिला दहा चौरस फूट खिडकी हवी. आपण चार बाय चारची स्लायडिंग लावतो, सोळा चौरस फूट. कागदावर भरपूर. पण दोन ट्रॅकची स्लायडिंग अर्धीच उघडते. राहिले आठ. त्या आठात कूलर.

कूलरबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण विदर्भात कूलर म्हणजे घरातला माणूस आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो आणि कूलर खिडकीत बाहेरून बसतो. हवेच्या दृष्टीनं बघितलं तर विदर्भातली सगळ्यात उत्तम यंत्रणा हीच. बाहेरची ताजी हवा वाळ्याच्या नाहीतर लाकडी भुशाच्या ताट्यांतून आत ढकलते आणि समोरच्या दारा-खिडकीतून जुनी हवा बाहेर काढते. परदेशात यालाच यांत्रिक वायुवीजन म्हणतात आणि त्यासाठी लोक लाखो खर्च करतात. आपल्या मोहल्ल्यातला सलीम-शब्बीर कुणीही मिस्त्री ते पत्रा वाकवून तयार करतो. फक्त एक अट. समोरून हवा निघायला वाट हवी. दार बंद करून कूलर लावला की खोली थंड होत नाही, दमट होते. अंग चिकचिकतं आणि आपण म्हणतो, कूलर काम करत नाही. कूलर करतो आहे, दार करत नाही.

पण हे झालं अडीच-तीन महिन्यांचं. मृगाचा पाऊस आला की कूलर बंद. आपण तो काढून ठेवतो का? गच्चीवर जागा नाही. तो तिथंच राहतो, वरून ताडपत्री, आणि आतल्या बाजूनं खिडकीच्या भोकाला प्लाय, थर्माकोल, जुना पुठ्ठा, वरून पडदा. म्हणजे खोलीला असलेली एकुलती एक खिडकी वर्षातले नऊ महिने बंद. आमच्या मधल्या खोलीत हेच होतं. तुम्ही आज घरी गेल्यावर बघा. मी कुणालाही हात वर करायला सांगत नाही, चेहऱ्यावरून कळतं आहे.

कूलरनंतर एसी आला. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही. खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो, परत सोडतो. बाहेरच्या डब्यात आणि आतल्या डब्यात फक्त नळ्या जातात, हवा जात नाही. हे एसी बसवणाऱ्या पोरांना माहीत असतं, गिऱ्हाइकाला माहीत नसतं. गिऱ्हाईक सगळ्या फटींना फोम लावतं. आता हिशेब करा. झोपलेला मोठा माणूस तासाला साधारण बारा-तेरा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. चार माणसं, पन्नास लिटर. दहा बाय दहा, दहा फूट उंच खोलीत हवा अठ्ठावीस हजार लिटर. खोली अगदी बंद असेल तर तासाभरात आकडा दहा लाखांत अठराशेनं वाढतो. पूर्ण बंद कुठलीच खोली नसते, थोडं गळतच असतं, पण रात्र आठ तासांची असते. जर्मनीत मॅक्स फॉन पेटेनकोफर नावाच्या शास्त्रज्ञानं १८५८ सालीच म्युनिकमध्ये सांगून ठेवलं होतं की राहत्या खोलीत हा आकडा हजाराच्या वर जाऊ नये. त्या आकड्यानं लगेच विषबाधा होते असं नाही. तो आकडा वाढला याचा अर्थ इतकाच, की तुम्ही एकमेकांनी सोडलेली हवा परत परत घेत आहात. त्यात मग एकाचा सर्दी-खोकला सगळ्यांचा. क्षयरोगाचं तर विचारूच नका, तो बंद खोलीतच वाढतो. सकाळी उठल्यावर डोकं जड का असतं, हे मुलांना विचारू नका, आधी खिडकीला विचारा.

डास हे मोठं कारण आहे, मान्य. खिडकी उघडी ठेवा म्हटलं की अम्मी म्हणते, डेंग्यू तू भरशील का? बरोबर आहे तिचं. पण खिडकी लावून आपण काय करतो, कॉइल पेटवतो. एका कॉइलच्या धुरातून निघणारे सूक्ष्म कण हे ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके असतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. घरात सिगारेट ओढणाऱ्या दुल्हेभाईला आपण गच्चीवर पाठवतो आणि पाळण्याखाली कॉइल ठेवतो. उपाय साधा आहे आणि तो तुमच्यातल्या फॅब्रिकेटर भावांच्या हातात आहे. गिऱ्हाइकाला दोन ट्रॅकऐवजी तीन ट्रॅकची खिडकी सुचवा, तिसऱ्या ट्रॅकवर मच्छरजाळी. खर्च थोडा वाढतो. पण ते विचारत नाहीत म्हणून आपण सांगत नाही. विचारलं तर निम्मे लोक हो म्हणतात, माझा अनुभव आहे.

आता एक नाजूक विषय. आपल्या घरांत खिडकी बंद राहण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते आपण इथं बोललो नाही तर दुसरं कोण बोलणार? परदा. आपल्या गल्ल्या तीन-चार फुटांच्या. समोरच्याची खिडकी हाताच्या अंतरावर. बायका स्वयंपाकघरात डोक्यावरची ओढणी बाजूला ठेवून काम करतात, साहजिक आहे, आणि म्हणून ती खिडकी दिवसभर बंद. म्हणजे घरातली सगळ्यात जास्त धुराची खोली सगळ्यात जास्त बंद. आणि त्या खोलीत दिवसाचे सहा तास कोण असतं? रमजानमध्ये तर सहरीला तीन वाजल्यापासून तळण चालू.

लोक म्हणतात, आता गॅस आला. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि आपल्या जिल्ह्यातल्या गावागावांत सिलिंडर पोचले. मोठी गोष्ट झाली, यात शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणं घरातल्या धुरानं २०२० साली जगभरात ३२ लाख माणसं दगावली. त्यात बायका आणि लहान मुलं किती असतील ते सांगायला नको. पण गॅसच्या निळ्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, थोडा कार्बन मोनॉक्साइडही निघतो, आणि फोडणीचा, तळणाचा धूर तर इंधन कुठलंही असो, निघतोच. आणि सिलिंडर महाग झाला की सांदवाडीत पाणी तापवायला चूल पेटतेच. घरकुलाचं बघा. ग्रामीण आवास योजनेत घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे दोनशे सत्तर चौरस फुटांत झोपणं, शिजवणं, अभ्यास. तिथं धूर दुसऱ्या खोलीत पाठवायला दुसरी खोलीच नाही.

परद्याचं उत्तर खिडकी बंद करणं नाही. हे आपल्याच पूर्वजांना माहीत होतं. जाळी कशासाठी होती? मुघलांच्या इमारतींत दगडाची जाळी बघायला आपण सहलीला जातो, फोटो काढतो. ती शोभेची होती तशीच कामाचीही होती. बाहेरच्याला आतलं दिसत नाही, आतल्याला बाहेरचं दिसतं, आणि वारा दोघांनाही विचारत नाही. इराणमध्ये यझ्द शहरात घरांवर वारा धरणारे मनोरे आहेत, त्यांना बादगीर म्हणतात. वरून वारा धरायचा आणि खाली खोलीत सोडायचा. इजिप्तमध्ये तसाच प्रकार मलकफ नावानं होता. हसन फतही नावाचे इजिप्तचे एक वास्तुविशारद होते. त्यांनी १९४५च्या सुमारास गुरना गावातल्या गरीब कुटुंबांसाठी मातीची घरं बांधायला घेतली, आणि त्यात हे मलकफ, हा चौक, ही जाळी परत आणली. ते गाव पूर्ण झालं नाही, लोक तिथं राहायला जायला तयार नव्हते. पण त्यांचं पुस्तक जगभरचे आर्किटेक्ट वाचतात. आपल्याकडची सिमेंटची जाळी कुठल्याही सिमेंट-मालाच्या दुकानात मिळते. स्वयंपाकघराच्या खिडकीत खालचा अर्धा भाग जाळीचा आणि वरचा उघडणारा केला, तर परदाही राहतो आणि धूरही जातो.

फार लांब जायलाही नको. इथून आठ किलोमीटरवर सेवाग्राम. शाळेत असताना आपण सगळे सहलीला जाऊन आलो, आणि कंटाळून आलो, खरं सांगा. परत जा एकदा, बांधकाम बघायला जा. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी तेव्हाच्या सेगावात आले. ऐन उन्हाळा. पहिली कुटी, आदि निवास, मग मीराबेननी बांधलेली बापू कुटी. मातीच्या भिंती, बांबू, लाकूड, वर कवेलू, भोवती पडवी. दुपारी दोन वाजता आत जाऊन उभे राहा आणि हवा कुठून येते, कुठून जाते ते बघा. मी डिप्लोमा करताना एका पुस्तकातही हे शिकलो नाही.

आणि वर्धा शहरातच मगनवाडी. तिथं जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योग संघाचं काम बघायचे. त्याच मगनवाडीत धुराडं असलेली मातीची चूल तयार झाली, मगन चूल म्हणून ती देशभर गेली. म्हणजे स्वयंपाकघरातला धूर हा स्वातंत्र्याच्या लढ्याएवढाच कामाचा विषय आहे असं मानणारी माणसं याच जिल्ह्यात होती. पुढं त्या चुलीचं काय झालं, धुराडी साफ करायची कुणी, फुटल्यावर दुरुस्त कुणी करायची, हा वेगळा किस्सा आहे. यंत्र चांगलं असून भागत नाही. एक्झॉस्ट फॅनचंही तेच होतं. तेलानं पाती जड होतात, आवाज येतो, मग बटन बंद, मग भोकात कापड.

एक्झॉस्ट फॅनवर दोन मिनिटं. स्वयंपाकघरात तो चुलीच्या वर, छताजवळ हवा, दाराजवळ नको. दाराजवळ लावला तर तो दारातूनच हवा घेतो आणि बाहेर टाकतो, धूर तिथंच. अमेरिकेतल्या निवासी मानकात स्वयंपाकघरासाठी मिनिटाला १०० घनफूट आणि न्हाणीघरासाठी ५० घनफूट हवा बाहेर काढणारा पंखा मागितला आहे. आपल्या बाजारात खोक्यावर घनमीटर तासाला असा आकडा लिहितात. १०० घनफूट मिनिटाला म्हणजे तासाला साधारण १७० घनमीटर. खोका उलटा करून वाचत जा. आणि पंखा हवा बाहेर टाकतो तेव्हा तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. दुसरी खिडकी बोटभर तरी उघडी नसेल तर पंखा नुसता घुमतो. आणखी एक, चिमणी म्हणून जे विकतात त्यात काही नळी नसलेल्या येतात. त्या धूर गाळून परत तुमच्याच तोंडावर सोडतात. नळी भिंतीबाहेर गेलीच पाहिजे.

न्हाणीघराचं नाव घेतलं म्हणून एक गोष्ट सांगतो. इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाचं गाव आहे. तिथं सुदानहून आलेलं एक कुटुंब एका सामाजिक गृहनिर्माण संस्थेच्या छोट्या फ्लॅटमध्ये राहायचं. घरात ओल, भिंतींना काळी बुरशी. वडिलांनी २०१७ सालीच तक्रार केली. उत्तर मिळालं, वरून रंग मारा. हवा जायला नीट सोय नव्हती. अव्वाब इशाक हा त्यांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये वारला. दोन वर्षांचा होता. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये चौकशीत स्पष्ट झालं की बुरशीमुळं त्याच्या श्वसनसंस्थेला झालेला आजार हेच कारण. त्या संस्थेनं पुढं कबूल केलं की या कुटुंबाच्या राहणीबद्दल त्यांनी आपल्या मनानंच समज करून घेतले होते. परके लोक आहेत, आंघोळी-पाण्यानं ओल होते, असं काहीतरी. आईवडिलांनी ती लढाई सोडली नाही. २०२३ साली इंग्लंडच्या कायद्यात तरतूद आली, तिला त्या मुलाचं नाव आहे, अव्वाबचा कायदा. घरमालकानं ओल आणि बुरशीची दखल ठरावीक मुदतीत घ्यायलाच हवी.

आपल्याकडं ओल आली की काय म्हणतात? "तुमच्याकडं माणसं फार." भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या प्रत्येकानं हे ऐकलं आहे. नव्या घरात ओल येण्याचं एक कारण तर आम्ही ठेकेदारच आहोत. स्लॅब, विटकाम, प्लास्टर, यात टँकरच्या टँकर पाणी जिरतं. ते सुकायला महिने लागतात. पण मालकाला ईदच्या आत राहायला यायचं असतं किंवा घरात लग्न असतं. आम्ही ओल्या भिंतीवर पुट्टी मारतो, त्यावर प्लास्टिक पेंट. पाणी आतच कोंडतं. पहिल्या पावसाळ्यात कपाटामागं काळे डाग दिसतात. त्यात नव्या प्लायच्या कपाटांचा वास. तो डोळ्यांत झोंबणारा वास फॉर्मल्डिहाइडचा. २००४ सालीच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकलं आहे. वास चांगला वाटतो, 'नव्या घराचा वास' म्हणून. नवरा-नवरी त्याच खोलीत राहायला जातात, दार-खिडकी लावून. निदान काही आठवडे त्या खोलीच्या खिडक्या दिवसरात्र उघड्या ठेवा, कपाटांची दारंसुद्धा. आणि पॉलिश मारणाऱ्या, टाइल कापणाऱ्या पोरांनो, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. टाइल पाण्याखाली कापा, ती पांढरी धूळ फुफ्फुसातून परत निघत नाही.

मधल्या खोलीचं काय करायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. पंधरा बाय चाळीसचा प्लॉट, तीन बाजूंनी शेजाऱ्याची भिंत. मार्जिन सोडलं पाहिजे हे मी सांगतो तेव्हा लोक हसतात, एक फूट म्हणजे किती रुपये ते मला ऐकवतात. ठीक. मग निदान मधल्या खोलीला लागून तीन बाय तीनचा मोकळा चौक गच्चीपर्यंत न्या. गरम हवा वर जाते, तिच्यासाठी पंखा लागत नाही. वर पाऊस येऊ नये म्हणून पत्रा, पण पत्र्याखाली चारी बाजूंनी फूटभर जाळी. ज्यांचं घर बांधून झालं त्यांच्याकडं जिना आहेच. जिन्यावरच्या खोलीचं गच्चीचं दार रात्री बंद करतो आपण, चोरांसाठी. तिथं लोखंडी जाळीचं दुसरं दार लावा आणि आतलं उघडं ठेवा. सगळं घर त्या जिन्यातून श्वास टाकेल. दीड-दोन हजारांत खोलीचा एक्झॉस्ट फॅन होतो, झरोका फोडायला तर एक हातोडा आणि एक छिन्नी पुरते.

आमच्या घरी मी तेच केलं. रुग्णालयातून आल्यावर तिसऱ्या दिवशी. पीओपीचं छत कडेनं कापलं, विटा काढल्या. अब्बा खाली खुर्ची टाकून बसले होते, एक शब्द बोलले नाहीत. फूफी दारात उभी. तिला वाटत होतं की सगळा दोष तिच्यावर आला. मी तिला म्हटलं, फूफी, शेगडी तुझी होती, खोली माझी होती. ती अजूनही बाळंतिणीला शेक देते. पण शेगडी अंगणात फुलवते, निखाऱ्यांची राख झाल्यावर नुसत्या गरम विटा फडक्यात गुंडाळून आत नेते. हे तिचं तिनंच शोधलं.

आता हे यंत्र. मी बोलायला लागलो तेव्हा सहाशे होतं. मध्ये एसी चालू म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या गेल्या, माझं लक्ष होतं. आत्ता आकडा आहे एक हजार नऊशे चाळीस. मागच्या रांगेतल्या दोघांना जांभया येत आहेत, त्यात माझ्या भाषणाचा वाटा किती आणि हवेचा किती, ते कळेलच. त्या बाजूच्या दोन खिडक्या आणि समोरचं दार कुणीतरी उघडा. पाच मिनिटांनी परत आकडा वाचतो. तोवर प्रश्न विचारा.